हिवाळा जवळ येतोय, हातातली कादंबरी फार हलवून टाकतेय आणि रोजच्या कामात लक्ष लागत नाहीये. वाचन थांबवावं का?

थांबवू नका. वाचायची वेळ तेवढी बदला.

घाईत असाल तर एवढ्यावर भागेल. पण तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत आणि सगळ्यांचं खापर बिचाऱ्या कादंबरीवर फुटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कामावरून घरी पोचेपर्यंत हल्ली अंधार पडलेला असतो. घरातलं आवरून, उद्याची तयारी करून अंथरुणात शिरलात की मग कुठे पुस्तक हातात येतं. नायिकेच्या आईचं आजारपण सुरू झाल्यापासून रोज रडू येतं, झोप उशिरा लागते, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तीच माणसं डोळ्यांपुढे येतात. मैत्रीण म्हणते, थंडीच्या तोंडावर असलं काही वाचू नये, काहीतरी हलकंफुलकं वाच.

मैत्रिणीचा तुमच्यावर जीव आहे म्हणून म्हणते ती. पण तिचं निदान अर्धंच बरोबर आहे.

आधी अंधाराचं बघू. पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे दिवस लहानमोठा होतो, हे शाळेत शिकलेलंच असतं. शाळेत सहसा सांगत नाहीत ते हे, की दिवस एकाच वेगाने लहान होत नाही. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र जवळपास सारखे असतात आणि नेमका त्याच सुमारास दिवस सर्वांत भराभर आटतो. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सर्वांत लहान दिवशी, हा वेग जवळजवळ शून्यावर आलेला असतो. मला भर हिवाळा कधीच इतका जड जात नाही. तो येण्याआधीचे आठवडे अंगावर येतात. आज सहाला उजेड होता, पंधरा दिवसांनी बघावं तर नसतो.

दुसरी गंमत संध्याकाळची. सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवशी होत नाही. तो आधीच येऊन गेलेला असतो. विषुववृत्तापासून २० अंश उत्तरेला तो नोव्हेंबरच्या शेवटी येतो, ५० अंशांवर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सकाळी मात्र जानेवारी उजाडला तरी उशिराच उजाडत राहतं. २० अंशांवरचा सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा भरतो, ५० अंशांवरचा जेमतेम आठ. (दक्षिण गोलार्धात राहत असाल तर हे सगळं साधारण सहा महिने पुढे ढकलून वाचा.) सांगायचा मुद्दा हा, की संध्याकाळी वाचणाऱ्या माणसाला हिवाळा कॅलेंडरच्या आधी गाठतो.

हे नुसतं मनाचं नाही, शरीराचंही आहे. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळचा उजेड त्याला दिवस सुरू झाल्याचं सांगतो. अंधारलं की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, वाढायला लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण तो फार तर काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). ढगाळ दुपारी नुसतं बाहेर उभं राहिलात तरी त्याच्या कितीतरी पट उजेड मिळतो. सकाळी लवकर निघून अंधारात परतणाऱ्या माणसाच्या वाट्याला तो उजेड येतच नाही. तेव्हा रात्री साडेदहाला तुम्ही पुस्तक उघडता ते दिवसभराचा शीण, अपुरा उजेड आणि अर्धवट झोप बरोबर घेऊनच. त्यावर आईचं आजारपण. रडू नाही येणार तर काय होईल? त्यातलं निम्मं रडू लेखकाच्या हिशेबात धरूच नका, ते त्या वेळेचं आहे.

खात्री करायची असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला खिडकीशी बसून तेच प्रकरण पुन्हा वाचा. गलबलून तेव्हाही येईल. पण पुस्तक मिटल्यावर उठून कामाला लागता येईल.

आता रडण्याचं. पुस्तक वाचून रडू येतं याची तुम्हाला थोडी लाज वाटते आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून जाणवलं. तसं असेल तर ती सोडा. जी माणसं कधी जगलीच नाहीत त्यांच्यासाठी आपला जीव का तुटावा, या कोड्यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं खपवलं आहे. कॉलिन रॅडफर्ड नावाच्या तत्त्वज्ञाने १९७५ साली यावर निबंधच लिहिला: टॉलस्टॉयच्या कादंबरीतल्या ॲना कॅरेनिनाच्या नशिबाने आपण हेलावतो ते कसे? त्याचं उत्तर असं, की यात तर्काची संगती नाहीच, आपण सगळे या बाबतीत विसंगत वागतो. तीन वर्षांनी केंडल वॉल्टन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने वेगळी वाट काढली. कथा वाचताना आपण एक लुटुपुटीचा खेळ मांडतो, तिथली भीती अस्सल भीतीसारखी भासते, पण तंतोतंत तीच नसते, असं त्याचं म्हणणं.

दोघेही हुशार, पण मला आपल्याकडचं जुनं उत्तर जास्त पटतं. नाट्यशास्त्र या नाटकावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात करुण हा आठ रसांपैकी, म्हणजे कलेतून चाखायला मिळणाऱ्या भावांपैकी एक, आणि शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना. शोकाचा रस होतो कसा? भट्टनायक या काव्यशास्त्रकाराने आणि त्याच्यामागून अभिनवगुप्ताने, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, याला साधारणीकरण म्हटलं. तो शोक पात्राचा एकट्याचा राहत नाही, नटाचाही नाही आणि तुमचाही नाही. त्याच्यावरची मालकीच सुटते. म्हणून तो सोसवतो, आणि सोसवतो म्हणून चाखता येतो. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथ या काव्यशास्त्रकाराने तर रोखठोक प्रश्न केला आहे, की करुणात नुसतं दुःखच असतं तर माणसं त्याच्याकडे वळली असती का? डोळ्यांत पाणी येतं ते चित्त विरघळल्यामुळे, असा त्याचा निर्वाळा.

याच अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. तुमची रात्रीची अडचण मला इथे दिसते. दमलेलं मन मालकी सोडायला तयार नसतं. नायिकेची आई बघता बघता तुमची आई होते, तिचे रिपोर्ट तुमच्या आईचे रिपोर्ट होतात, आणि मग कादंबरी बाजूला राहून नुसती काळजी उरते. कादंबरी जास्त चांगली असल्यामुळे असं होतंय असं समजू नका. उलट त्या घटकेला कादंबरी तुमच्यापर्यंत धड पोचतही नाहीये.

म्हणून वेळ बदला म्हणाले.

तुमची तिसरी तक्रार, रोजच्या कामात कादंबरी घुसते ही. इथे मी तुमच्या अगदी उलट टोकाला आहे. मला वाटतं रोजची कामं आहेत म्हणून जड कादंबरी पचते. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर मी जी वाचत होते तिच्यात एक म्हातारा बाप आहे. मुलगा परत येणार नाही हे कळून चुकलंय, आणि तो ओट्यावर बसून मुलाचे बूट पुसतोय. दीड पानाचा प्रसंग. वाचून मी पुस्तक मिटलं, आणि समोर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता तो घड्या घालायला घेतला. पेटीतून काढून, धुऊन वाळवलेले स्वेटर होते, एकाच्या मनगटाची वीण सुटली होती, ती बोटाने चाचपत होते. हात चालू, डोकं मोकळं. आणि तेव्हा लक्षात आलं, की त्या दीड पानात बाप रडतो असं लेखकाने एकदाही लिहिलेलं नाही. वाईट वाटलं हा शब्दसुद्धा नाही. नुसतं फडकं, पॉलिशची डबी, उजवा बूट, डावा बूट, आणि पुसून झालेल्या बुटात त्याने नाड्या ओवल्याच नाहीत एवढंच. नाड्या कोण बांधणार होतं! हे मला वाचताना दिसलं नव्हतं, तिसऱ्या-चौथ्या घडीला दिसलं. सरळ पुढचं प्रकरण वाचत सुटले असते तर कधीच दिसलं नसतं.

पण कुठलंही काम चालत नाही, हेही खरं. हात गुंततात आणि शब्द लागत नाहीत अशी कामं बरी: भांडी, झाडू, घड्या, कपाट लावणं, चालायला जाणं. शब्दांची कामं वाईट. कादंबरीही शब्दांचीच असल्यामुळे ई-मेलं, अहवाल, हिशेब यांच्याशी तिची टक्कर होते आणि दोन्हींचा विचका होतो. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं वाचायचं आणि एकविसाव्या मिनिटाला मीटिंगला बसायचं, असं करून पाहिलं की तुमच्यासारखंच सगळ्यांचं होतं. मध्ये पाच मिनिटं जिने चढा-उतरा, बाटली भरून आणा, काहीही करा.

थांबायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. प्रकरण संपलं की थांबावं असं आपल्याला वाटतं, पण प्रकरणाच्या शेवटी लेखकाने मुद्दाम काटा पेरलेला असतो. त्याला वाचक धरून ठेवायचा असतो, त्याचा तो धंदाच आहे. तो काटा रात्रभर टोचतो. मी प्रकरण संपल्यावर पुढच्याची दोन पानं वाचते. नव्या प्रकरणाच्या सुरुवातीला हवा, रस्ता, कुणीतरी दार उघडतंय असलं काहीतरी निवांत चाललेलं असतं. तिथे खूण घालते. वाचून बघा, फरक पडतो.

आणि एका बैठकीत संपवण्याचा हट्ट असेल तर तो कशाला? कादंबरी हा प्रकार वाढला तोच मुळी हप्त्याहप्त्याने. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः येत गेली. एका विधवेची आत्मकथनाच्या रूपातली ती कहाणी पहिल्या वाचकांना एका रात्रीत संपवताच येत नव्हती. अंक हाती पडायचा, वाचायचा आणि पुढच्या अंकापर्यंत घरकाम, नोकरी, दुखणीखुपणी सगळं सांभाळत त्या बाईला मनात वागवायचं. तिकडे टॉलस्टॉयची ॲनासुद्धा १८७५ पासून मासिकातूनच वाचकांना भेटत होती. पुढचा अंक येईपर्यंत थांबण्यावाचून इलाजच नव्हता, आणि माझ्या मते ती सक्ती मोठी शहाणी होती. आता पुस्तक पूर्ण हातात असतं, तेव्हा सक्ती स्वतःवर आपणच करायची.

हिशेब मांडला तर काळजीही कमी होईल. इंग्रजी वाचकांवरच्या कितीतरी अभ्यासांची मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एकत्र मोजदाद केली, तेव्हा कथा-कादंबरी मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्दांच्या आसपास निघाला. आपण मराठीसाठी सावकाश, १५० ते २०० धरू. ३०० पानांची कादंबरी, पानाला २५० शब्द, म्हणजे ७५,००० शब्द. सव्वासहा ते जेमतेम साडेआठ तास झाले. रोज अर्धा तास दिलात तरी अडीच आठवड्यांच्या आत पुस्तक हातावेगळं होतं. भर हिवाळा यायच्या आधीच.

हा अर्धा तास सकाळचा असेल तर सोनंच. तो शक्य नसेल तर कामावरून आल्या आल्या, घरातल्या कामांना हात लावायच्या आधी. घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. सकाळी घरून निघण्याआधी अर्धा तास वेळ काढणं जमत असेल तर खिडकीपाशी बसा, उजेड तेवढाच पदरात पडेल. चाळिशी उलटली असेल तर खिडकीचा आणखी एक फायदा: अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली रुंदावते आणि जवळची अक्षरं जास्त पसरट दिसतात, भर उजेडात ती आकसते आणि तीच अक्षरं सुबक दिसायला लागतात. रात्री चष्म्याचा नंबर वाढला असं वाटणाऱ्यांनी एकदा दुपारी वाचून बघावं. थंडीत हवा कोरडी असेल तर बोटंही कोरडी पडतात, पान सुटत नाही, दोन पानं एकदम उलटतात आणि नेमकं मधलंच वाचायचं राहतं. बोट ओठाला लावण्यापेक्षा हाताला क्रीम लावून, ते मुरल्यावर बसा. ताबडतोब बसलात तर पानावर डाग.

फोनवर किंवा टॅबलेटवर वाचत असाल तर मात्र रात्रीचं आणखी एक कारण आलं. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांचं मेलाटोनिन दबलं आणि छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा त्यांना झोप सरासरी दहा मिनिटं उशिरा लागली. माणसं बाराच होती आणि चार तास कोण वाचतं म्हणा, पण दिशा कळते.

मैत्रिणीचं हलकंफुलकं पुस्तक फेकून देऊ नका. त्याची जागा उशाशी. झोपताना वाचायला गोष्ट नसलेलं काहीतरी लागतं, ज्यात पुढे काय होईल हा प्रश्नच उद्भवत नाही. पक्ष्यांची माहिती, लहान लहान ललित लेख, कोश. मी कित्येकदा शब्दकोश घेते. त्यात कुणी मरत नाही.

थांबवा असं मी कधी म्हणेन, तेही सांगते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा तुमची आई खरोखरच आजारी असेल, आणि कादंबरीत तेच चाललं असेल, तर पुस्तक काही महिने कपाटात ठेवा. ते कुठे पळून जात नाही. आणि पुस्तक बाजूला ठेवूनही दोन आठवडे रोज दिवसाचा बराचसा वेळ उदास जात असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर डॉक्टरांना भेटा. नॉर्मन रोझेन्थल हे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं रीतसर वर्णन केलं, तेव्हापासून त्यावर उपचार होत आले आहेत. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणं हा त्यांपैकीच एक, पण तो दिवा डॉक्टरांना विचारूनच वापरायचा. हे दर वर्षी याच सुमारास होत असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं काही वाटत नाही. ऑफिस चालू आहे, घर चालू आहे, मैत्रिणीशी बोलणं चालू आहे.

राहिली शेवटची पन्नास पानं. आईचं काय होणार हे तुम्हाला कळलेलंच आहे, मलाही तुमच्या दोन वाक्यांवरून कळलं. तरी ती पानं हप्त्यात तोडू नका, तिथे माझा अर्ध्या तासाचा नियम लागू नाही. सुट्टीची सकाळ धरा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना आधी सांगून टाका, आणि सलग वाचून काढा. त्या दिवशी दुपारी कुणाला घरी बोलावू नका. मला तरी अशा दुपारी पाहुण्यांशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आणि मग त्यांना वाटतं मी त्यांच्यावरच रागावले आहे.